गोळी नोंदणीला नको, लग्नाला द्या

मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव

विषय : नव्या लग्नाच्या मुलींना फॉलिक ॲसिडची गोळी दिवस जाण्याआधी मिळावी, याबाबत.

महोदय, महोदया,

सादर नमस्कार.

बीड जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी माझं औषधाचं दुकान आहे. काउंटरवर उभं राहून मला बावीस वर्षं झाली. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. ती जन्मली तेव्हा तिच्या कमरेच्या जरा वर, पाठीच्या मधोमध लिंबाएवढी पाण्याची पिशवी होती. तिथं कातडी नव्हतीच. कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा, आणि आतल्या नसा दिसत होत्या. सिस्टरनी सलाईनमध्ये भिजवलेलं गॉज त्यावर ठेवलं, लेकराला पालथं घातलं आणि मला बजावलं, "काही झालं तरी हिला पाठीवर निजवू नका, आणि हे वाळू देऊ नका." मोठ्या दवाखान्यापर्यंत साडेतीन तासांचा रस्ता. ॲम्ब्युलन्समध्ये गुडघ्यावर बसून मी पूर्ण वाटभर त्या गॉजवर थेंब थेंब सलाईन सोडत होतो. बायको बाळंतीण, मागे दवाखान्यातच पडून. तिनं लेकराचं तोंडसुद्धा धड पाहिलं नव्हतं.

या आजाराला स्पायना बायफिडा म्हणतात. डी. फार्मसीला असताना पुस्तकात तो शब्द एका ओळीत येऊन गेला होता. त्या ओळीतच पुढे लिहिलं होतं, फॉलिक ॲसिडच्या कमतरतेशी संबंध.

फॉलिक ॲसिडचे डबे माझ्या दुकानात कायम असतात. एक गोळी दीड-दोन रुपयांच्या आसपास पडते. माझ्या हातून शेकडो पाकिटं गेली असतील. माझ्या बायकोला मात्र ती गोळी तिसरा महिना लागल्यावर, नाव नोंदवून आल्यावर सुरू झाली. सगळ्यांचं जसं होतं तसं आमचंही झालं. मला वाटलं, वेळेवर झालं.

वेळेवर झालेलं नव्हतं. पोटातल्या गर्भाचा मेंदू आणि कण्यातला मज्जारज्जू ज्या नळीतून तयार होतो, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. कागदाची सुरळी करून कडा चिकटवाव्यात तशी ती मिटत जाते. खालच्या टोकाला मिटायची राहिली तर स्पायना बायफिडा होतो. वरच्या टोकाला राहिली तर मेंदूचा मोठा भाग आणि कवटीच बनत नाही. ते लेकरू जगत नाही. आता पाळीच्या हिशेबानं मोजा. पाळी चुकते तेव्हा गर्भ राहून दोन आठवडे होऊन गेलेले असतात. म्हणजे एखाद्या मुलीनं पाळी चुकल्याच्या दिवशीच ओळखलं, तरी तिच्या हातात जेमतेम दोन आठवडे उरतात. आपल्याकडे नवी सून पाळी चुकल्याचं आधी कोणाला सांगते? महिनाभर तर लाजण्यात आणि वाट पाहण्यात जातो. मग सासूला कळतं, मग आशाताईला, मग उपकेंद्रात नाव लागतं. तोवर ती नळी मिटलेली असते, किंवा कायमची उघडी राहिलेली असते. त्यानंतर दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी रक्तासाठी चांगली असेल, कण्यासाठी तिचा उपयोग संपलेला असतो.

माझ्या आईनं त्या दिवसांत सुनेला विचारलं होतं, "गिराण होतं तवा इळी हातात घेतली होतीस का गं?" आई वाईट नव्हती. तिला जे ठाऊक होतं ते तिनं विचारलं. पण माझ्या बायकोनं ते मनाला लावून घेतलं. पुढची दोन वर्षं ती हेच आठवत राहिली, की ग्रहणाच्या दिवशी आपण नेमकं काय काय केलं. मी औषधवाला, मला कारण माहीत होतं, आणि मी तिला ते सांगू शकत नव्हतो. कारण ते सांगायचं म्हणजे गोळी माझ्याच पाठीमागच्या फळीवर होती हेही सांगावं लागणार होतं. शेवटी सांगितलं. त्यानंतर ग्रहणाचं नाव आमच्या घरात निघालं नाही.

हे घरगुती दुःख तुमच्यापुढे मांडतो आहे ते सहानुभूतीसाठी नाही. हे किती घरांत होतं, ते बघा. भारतातल्या वेगवेगळ्या अभ्यासांची सांगड घालून जे आकडे निघाले आहेत, त्यांत नळी न मिटण्याचे सगळे प्रकार मिळून दर हजार जन्मांमागे चारच्या आसपास बाळं येतात. त्यांतली निम्म्याच्या आसपास स्पायना बायफिडाची. हे अभ्यास बहुतेक मोठ्या दवाखान्यांतले आहेत आणि तिथं अवघड बाळंतपणं जास्त येतात, हे खरं आहे. उत्तर भारतात प्रमाण जास्त, दक्षिणेत कमी, हेही खरं. तरी आकडा निम्मा धरा. अमेरिकेत साधारण पावणेतीन हजार जन्मांमागे एक बाळ स्पायना बायफिडाचं असतं. आपल्याकडे निम्मा धरूनही हजारी एक पडतं.

आता तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे या. एका केंद्राखाली तीस हजारांची वस्ती, वर्षाला साडेचारशेच्या आसपास बाळंतपणं. हजारी चारचा हिशेब लावला तर दरवर्षी एकेका केंद्राच्या हद्दीत जवळपास दोन बाळं. तुमच्या नोंदवह्यांत ती दिसतात का? दिसायची नाहीत. काही पोटातच जातात आणि 'मृत जन्म' एवढीच नोंद होते. काहींचं सोनोग्राफीत कळतं आणि गर्भ काढला जातो. तो तर जन्माच्या आकड्यात येतच नाही. काही घरी नेऊन ठेवली जातात आणि महिन्या-दोन महिन्यांत जातात. त्यांचं कारण कोणी लिहीत नाही. उरतं ते माझ्या मुलीसारखं एखादं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात व्यंगांमध्ये हा आजार स्पष्ट लिहिलेला आहे, पण त्या कार्यक्रमाच्या तपासणी पथकाच्या हाती लागतात ती जगलेली लेकरं.

काळजी कोणाची जास्त घ्यायची, हेही ठाऊक असलेलं आहे. ज्या आईला आधी असं एक बाळ झालं, तिला पुन्हा होण्याची शक्यता शंभरात दोन ते पाच. दिवस जाण्याआधीपासून मधुमेह असलेली आणि तो ताब्यात नसलेली बाई, वजन फार असलेली बाई, पहिल्या महिन्यात अंगात मोठा ताप राहिलेली बाई, या सगळ्यांत धोका वाढतो. काही घराण्यांत फॉलिक ॲसिड वापरण्याची शरीराची पद्धतच जन्मतः जरा कमजोर असते. जवळच्या नात्यात लग्न झालेल्या जोडप्यांत प्रमाण जास्त असल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. मामाच्या घरी मुलगी देण्याची रीत आपल्याकडे अजून आहे, म्हणून हेही आशाताईच्या कानावर असावं.

पण एका गोष्टीवर मी जास्त बोलणार आहे, कारण ती रोज माझ्या काउंटरवरून जाते. फिट्सचं औषध. सोडियम व्हॅल्प्रोएट. गर्भाच्या पहिल्या महिन्यात हे औषध सुरू असेल तर स्पायना बायफिडाची शक्यता शंभरात एक ते दोनपर्यंत जाते, म्हणजे इतरांच्या दहा-वीस पट. फिट्सच्याच दुसऱ्या औषधाचा, कार्बामाझेपिनचाही धोका आहे, त्यापेक्षा कमी. माझ्याकडे एक मुलगी यायची. माहेरी आली की गुपचूप, तोंडाला स्कार्फ बांधून, तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम न्यायची. सासरी सांगितलेलं नव्हतं. फेफरं येतं म्हटलं की लग्न मोडतं, हे तिला आणि तिच्या आईला माहीत होतं. मी तिला पहिल्यांदा विचारलं, "ताई, लेकरू होऊ द्यायचं आहे का?" तेव्हा ती घाबरली. मी म्हटलं, गोळी मनानं बंद करू नकोस, एकदम बंद केली तर फिट येऊन जिवावर बेतेल. पण दिवस जाण्याआधी मेंदूच्या डॉक्टरांकडे जा, औषध बदलून मिळतं. ती गेली. औषध बदललं. तिला एवढं सांगणारा आधी कोणी भेटला नव्हता. हे मी सांगायची वेळ यायला नको होती. ते तिला औषध पहिल्यांदा लिहून दिलं त्या दिवशी कळायला हवं होतं. तुमच्या जिल्ह्यात पंधरा ते पंचेचाळीस वयाच्या किती बायका व्हॅल्प्रोएटवर आहेत, एवढी यादी जरी प्रत्येक केंद्रानं केली तरी मोठं काम होईल.

आता गोळीकडे येतो. ती उपयोगी पडते का, हा वाद कधीच संपला आहे. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं सात देशांतल्या ३३ केंद्रांत केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी असं मूल झालेल्या बायकांना दिवस जाण्याआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं, तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. चीनमध्ये रोज फक्त ४०० मायक्रोग्रॅमची गोळी लाखो नवविवाहितांना दिली. ज्या उत्तर भागात हा आजार फार होता, तिथं तो चांगलाच खाली आला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले. अमेरिकेनं १९९८ पासून पिठातच फॉलिक ॲसिड घालणं सक्तीचं केलं. आणि या जीवनसत्त्वाचा माग पहिल्यांदा कुठं लागला? मुंबईत. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयावर त्यांनी काम केलं आणि यीस्टच्या अर्कात काहीतरी असं आहे ज्यानं या बायका बऱ्या होतात, हे दाखवलं. ते 'काहीतरी' म्हणजे पुढे नाव मिळालेलं फॉलिक ॲसिड. आपल्याच राज्यातल्या कष्टकरी बायकांमुळे जगाला जे कळलं, ते आपल्याच कष्टकरी बायकांपर्यंत वेळेत पोचत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

सरकारी कागदावर सगळं बरोबर आहे. २०१८ च्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात स्पष्ट म्हटलं आहे, की दिवस जाण्याआधी आणि पहिल्या तीन महिन्यांत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावं. त्यापुढं रोज लोहाची गोळी १८० दिवस. माझ्या भागात बायकांना विचारलं, तर त्यांना ठाऊक असते ती लोहाची लाल गोळी. 'दिवस जाण्याआधी' हे दोन शब्द गावापर्यंत येईतो गळून पडतात. गरोदर नसलेल्या बायकांना आठवड्याला एक गोळी देण्याची सोय आहे, पण तिच्यात फॉलिक ॲसिड ५०० मायक्रोग्रॅम. आठवड्यातून एकदाच गोळी द्यायची तर जागतिक आरोग्य संघटनेनं २८०० मायक्रोग्रॅम सांगितलं आहे. साधा हिशेब आहे, रोजचे ४०० गुणिले सात. ही मात्रा बदलणं तुमच्या हातात नाही, पण वर लिहून कळवणं तर आहे.

रेशनच्या पोषणयुक्त तांदळाकडे बोट दाखवलं जाईल. त्या तांदळात किलोमागे ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. पावशेर तांदूळ खाल्ला तरी वीस-तीस मायक्रोग्रॅम पोटात जातं. आणि आपल्याकडे पावशेर तांदूळ रोज खातं कोण? आपलं पोट ज्वारीच्या भाकरीवर आहे. ज्वारी घरची किंवा बाजारची, दळण गल्लीतल्या गिरणीतलं. त्या पिठात कोण काय मिसळणार? मेथी, पालक, हरभऱ्याची भाजी, तुरीचं वरण यांत फोलेट आहे आणि ते खावंच. पण पाला खूप शिजवला की त्यातलं बरंचसं जातं, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे पालेभाजी मिळते कुठं? मीठ मात्र सगळ्या घरांत जातं. फॉलिक ॲसिड घातलेल्या मिठाचा प्रयोग दक्षिण भारतातल्या काही खेड्यांत झाला आहे आणि बायकांच्या रक्तातलं फोलेट त्यानं वाढलं. तो दिवस येईल तेव्हा येवो. तोवर गोळीच.

म्हणून मागणं असं आहे. आशाताईकडे जननक्षम जोडप्यांची यादी असते. लग्नानंतर पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर तिला मोबदला मिळण्याची योजनाही आहे, म्हणजे नवी सून गावात आली हे तिला सगळ्यांच्या आधी कळतं. त्याच पहिल्या भेटीत ४०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या तिच्या पिशवीत असू द्या. पाळणा लांबवणाऱ्यांनी तो लांबवावा. ज्या दिवशी मूल हवं असं ठरेल त्याच्या निदान महिनाभर आधी, जमलं तर तीन महिने आधी, गोळी सुरू व्हावी आणि पहिले तीन महिने संपेपर्यंत चालावी. आणि नोंदवहीत एक रकाना ठेवा : दिवस जाण्याआधी गोळी सुरू होती की नव्हती. रकाना असला की विचारलं जातं, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

सासवांशी बोलावं लागेल. माझ्या दुकानातलंच बोलणं सांगतो. एका नवीन जोडप्याला मी गोळ्या देऊ केल्या, तर सोबतची म्हातारी म्हणाली, "लगीन होऊन चार दिस न्हाईत आन् गोळ्या? पाळणा बंद करायच्या दिसत्यात." गोळी म्हटलं की लोकांना तीच गोळी आठवते. मी तिला मुलीचा फोटो दाखवला, पाठीवरची खूण दाखवली. म्हणालो, आजी, ही लेकरू होऊ न देण्याची गोळी नाही, लेकराचा कणा सांधायची गोळी आहे. म्हातारीनं स्वतः कनवटीचे पैसे काढले. आशाताईंच्या प्रशिक्षणात हे एक वाक्य घाला : कणा सांधायची गोळी. मात्रेचंही सांगायला हवं. बाजारात सहज मिळते ती ५ मिलिग्रॅमची. ती आधी असं मूल झालेल्या, मधुमेहाच्या किंवा फिट्सच्या औषधावर असलेल्या बाईला डॉक्टर देतात. सगळ्यांना सरसकट तीच देत बसू नये. बी-१२ कमी असेल तर मोठ्या मात्रेनं ती कमतरता झाकली जाते, आणि आपल्याकडे बी-१२ कमी असलेल्या बायका काही थोड्या नाहीत. म्हणून ४०० ची गोळी केंद्रात साठ्यावर हवी. मी ती मागवायला लागलो तेव्हा होलसेलवाल्यानं आधी तीनदा ५ मिलिग्रॅमचीच पाठवली.

आणखी एक गोष्ट. ज्या आईनं गोळ्या वेळेत घेतल्या आणि तरीही बाळ असं जन्मलं, तिला कोणी बोल लावू नये. गोळीनं सगळीच टळत नाहीत, बरीचशी टळतात. ज्यांना टळलं नाही त्यांच्या पुढच्या वाटेवर तुम्ही हवे आहात. माझी मुलगी सकाळी उठते, साबणानं हात धुते, आरशासमोर बसून स्वतःच्या हातानं नळी घालून लघवी काढते. दिवसातून पाचदा. नऊ वर्षांची असताना शिकली. डोक्यात साचणारं पाणी काढायला तिसऱ्या आठवड्यात बसवलेली नळी अजून आहे. डोकं दुखलं, उलटी झाली की आमचं काळीज हलतं. पायात कॅलिपर घालून ती शाळेत जाते. पायाला खालून काही कळत नाही. एकदा एप्रिलमध्ये अंगणातल्या शहाबादी फरशीवर अनवाणी उभी राहून मैत्रिणीशी बोलत होती. आत आली तेव्हा दोन्ही तळव्यांना फोड आलेले. तिला ते माझ्या चेहऱ्यावरून कळलं. अशा लेकरांना शाळेत पाण्याचं, कडी लागणारं स्वच्छतागृह लागतं. नळ्या फुकट मिळाव्या लागतात. आणि फिजिओथेरपी जिल्ह्याच्या ठिकाणीच असेल, तर मजुरी बुडवून दर आठवड्याला कोण येणार?

शेवटची आणि सगळ्यांत घाईची मागणी ऊसतोडीला जाणाऱ्या मुलींची. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेण्यासाठी पोरींची लग्नं उरकली जातात. वय बसत नाही म्हणून त्या लग्नांची ग्रामपंचायतीत नोंदही होत नाही. ही पोरगी दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव सोडते आणि मार्च-एप्रिलपर्यंत कुठल्या तरी कारखान्याच्या तळावर पालात राहते. पहाटे फडात, रात्री पाचटाच्या उजेडात भाकरी. बऱ्याच जणींना दिवस तिथंच जातात. गावची आशाताई इथं, ती तिथं. तिचं नाव कुठल्याच यादीत नाही, आणि ज्यांना गोळीची सगळ्यांत जास्त गरज आहे त्यांत ती आहे. लग्न चुकीच्या वयात झालं म्हणून तिच्या लेकराचा कणा उघडा राहावा, असं तुम्हाला कोणालाच वाटणार नाही.

मुकादमाकडे टोळीची यादी असते. कारखान्याचे बॉयलर पेटायच्या आधी ती यादी घ्या आणि प्रत्येक तरुण बाईच्या हाती सहा महिन्यांच्या गोळ्या ठेवा. वय विचारू नका, लग्नाचा दाखला मागू नका. ट्रक भरताना कोयता, पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, भांडी चढतात. त्या पेटीत गोळ्यांचं पाकीट गेलं पाहिजे. तुमच्याकडे साठा नसेल तर कळवा. आमच्या तालुक्यातल्या टोळ्यांपुरता तो मी स्वतः भरून देतो.

आपला विश्वासू,
एक औषधविक्रेता आणि बाप
बीड जिल्हा